तुरटीला न सापडणारे प्रदूषण

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी घरात आले की त्यात तुरटीचा खडा फिरवून ते रात्रभर तसेच ठेवायचे, ही रीत महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सकाळी भांड्याच्या तळाशी मातीचा थर आणि वर नितळ पाणी. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या उपायांमध्ये कतकाचा, म्हणजे आपल्या निवळीच्या बियांचा उल्लेख आहे. त्या अर्थाने ही विद्या तुरटीहूनही जुनी म्हणावी लागेल. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आज टनावारी वापरली जाते ती तुरटीच, किंवा तिचे भावंड शोभावे असे पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड. घरातल्या तुरटीत पोटॅशियमही असते, केंद्रातल्या तुरटीत ते नसते. मात्र दोन्हीकडे राबणारा घटक एकच, तो म्हणजे अ‍ॅल्युमिनियम.

कारखान्यांच्या सांडपाण्यावरही पहिला प्रयोग बहुधा याच द्रव्याचा होतो. काळसर, गढूळ पाण्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, वरचे पाणी पुष्कळसे स्वच्छ दिसू लागते आणि पाहणाऱ्याचे समाधान होते. अडचण येथेच आहे. निवळलेले पाणी आणि शुद्ध पाणी हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. सांडपाण्यातील जी सेंद्रिय द्रव्ये पाण्यात पूर्णपणे विरघळलेली असतात, त्यांना तुरटीचा धक्काही लागत नाही. अशा द्रव्यांना पकडण्यासाठी साबणाच्या जातीच्या पदार्थांची मदत घेता येईल काय, याचा शोध गेली तीन-चार दशके जगभरातील प्रयोगशाळा घेत आहेत. पाणी शुद्ध करण्यासाठी त्यात साबण मिसळायचा, ही कल्पना ऐकताना विचित्र वाटते. तिच्यामागचे तर्कशास्त्र मात्र सरळ आहे.

त्यासाठी आधी तुरटी नेमके काय करते हे पाहावे लागेल. गढूळ पाण्यातील मातीचे बारीक कण आपोआप खाली बसत नाहीत, याचे कारण त्यांचे लहान आकारमान हे तर आहेच, पण त्यांच्या पृष्ठभागावर असलेला ऋण विद्युतभार हेही आहे. समान भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात आणि त्यामुळे दिवसेंदिवस तरंगत राहतात. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचा आयन तीन धनभार घेऊन येतो आणि कणांचा ऋणभार शमवतो. एका धनभाराचे सोडियम आणि तीन धनभारांचे अ‍ॅल्युमिनियम यांच्या या कामातील ताकदीत तिपटीचा नव्हे, तर कित्येक शेपटींचा फरक पडतो. म्हणूनच मूठभर मिठाने जे साधत नाही ते चिमूटभर तुरटीने साधते. भार शमला की कण एकमेकांना चिकटू लागतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा पाण्याशी संयोग होऊन हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत, कापसासारखा साका तयार होतो आणि खाली बसताना तो वाटेतले कण गोळा करीत जातो. भार शमवण्याच्या पहिल्या पायरीला किलाटन आणि कणांचे मोठे पुंजके बांधले जाण्याच्या दुसऱ्या पायरीला फ्लॉक्युलेशन म्हणतात. पहिल्या पायरीला पाणी जोरात घुसळावे लागते, दुसरीला अगदी हळुवार. तेथे घाई केली तर बांधलेले पुंजके मोडून पडतात. तुरटीचा खडा संथपणे फिरवणाऱ्या आजीला हे शास्त्र ठाऊक नसले तरी हाताला ते अवगत होते.

आता तीच तुरटी सरबतात फिरवून पाहावी. लिंबाचा गर खाली बसेल, पण गोडी जाणार नाही. साखरेचे रेणू पाण्यात एकेकटे विखुरलेले असतात. त्यांना विद्युतभार नाही, कण म्हणावे असे शरीर नाही, चिकटायला पृष्ठभाग नाही. फिनॉलचे असेच आहे. रंग, औषधे, रेझिने, खनिज तेल अशा अनेक उद्योगांच्या सांडपाण्यात ते आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेली त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटर पाण्यात फक्त एक मिलिग्रॅम इतकी आहे. एवढी कडक मर्यादा ठेवण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. फिनॉलयुक्त पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन मिसळले की क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते अत्यल्प असले तरी पाण्याला दवाखान्यासारखा उग्र वास येतो. नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठीची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या हजारपट. मधला पल्ला नदीने गाठावा अशी अपेक्षा!

विरघळलेल्या प्रदूषणाचा डोळ्यांना दिसणारा नमुना हवा असेल तर वस्त्रोद्योगाकडे वळावे. महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवणाऱ्या इचलकरंजीत यंत्रमागांबरोबर कापडावर रासायनिक प्रक्रिया करणारे उद्योगही वाढले आणि जवळून वाहणाऱ्या पंचगंगेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आले. नदीच्या या अवस्थेला शहरांचे मैलापाणी, साखर कारखाने, शेतीतून येणारी खते असे अनेक हातभार आहेत. तरीही रंगाईच्या पाण्याचा प्रश्न त्यांत वेगळा आहे. पॉलिएस्टर रंगवण्यासाठी वापरले जाणारे ‘डिस्पर्स’ रंग पाण्यात विरघळत नाहीत, सूक्ष्म कणांच्या रूपात पसरलेले असतात; साहजिकच तुरटी त्यांना बऱ्यापैकी आवरते. सुती कापडाचे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग मात्र पाण्यात विरघळावेत अशाच हेतूने घडवलेले असतात. त्यांनी धाग्याशी रासायनिक बंध जोडावा अशी अपेक्षा असते, पण त्यांतला काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो. असा रंग पुन्हा कापडाच्या कामाचा राहत नाही आणि धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातो. तुरटीचा डोस वाढवत नेला तरी हे पाणी रंगीतच राहते. वाढतो तो फक्त गाळ.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये खाऊन फस्त करणारे जिवाणू असताना रसायनांच्या मागे लागावेच कशाला? मैलापाण्यासाठी ते खरेच आहे. जिवाणूंइतका स्वस्त आणि तत्पर कामगार दुसरा नाही. परंतु अनेक रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या रेणूत दोन नत्र अणूंचा जो अ‍ॅझो बंध असतो, तो हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना सहजी तुटत नाही. हवेविना जगणारे जिवाणू तो तोडतात, पण त्यातून अ‍ॅरोमॅटिक अमाइने निर्माण होतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा अधिक घातक असतात. फिनॉल थोडे असेल तर जिवाणू ते पचवतात, जास्त झाले तर स्वतःच मरतात. म्हणजे जिवाणूंच्या पुढ्यात पाणी नेण्यापूर्वी त्यातला जड, विषारी वाटा काढून घेणारी एखादी पायरी हवी. साबणाच्या जातीचे पदार्थ उपयोगी पडण्याची शक्यता आहे ती या जागी.

या पदार्थांना सर्फॅक्टंट किंवा पृष्ठक्रियाशील पदार्थ म्हणतात. कपड्यांचा साबण, भांड्यांची पावडर, शांपू, टूथपेस्ट या सर्वांत ते असतात. त्यांचा रेणू दुतोंडी असतो. त्याच्या डोक्याला पाण्याची ओढ आणि लांब शेपटीला पाण्याचे वावडे. पाण्यात त्यांची संख्या थोडी असते तोवर ते पृष्ठभागावर शेपट्या हवेत काढून गर्दी करतात. ती जागा संपली आणि संख्या वाढत राहिली की एका ठरावीक प्रमाणानंतर ते पाण्याच्या पोटातच एकत्र येतात. शेपट्या आत, डोकी बाहेर, असा सूक्ष्म गोळा बनतो. त्याला मायसेल म्हणतात. जेम्स मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास ही कल्पना मांडली, तेव्हा ती सहजासहजी कोणाला पटली नव्हती. पुढे लंडनच्या एका सभेत अध्यक्षांनी तिची ‘निव्वळ मूर्खपणा’ अशी संभावना केली, अशी आख्यायिका रसायनशास्त्राच्या वर्तुळात सांगितली जाते. आज प्रत्येक धुलाई यंत्रात मायसेलच राबत असतात. कपड्यावरचा तेलकट मळ पाण्याला विरघळवता येत नाही. मायसेलच्या तेलकट पोटात मात्र तो सुखाने शिरतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

शांपू आणि टूथपेस्टमध्ये आढळणारे सोडियम डोडेसिल सल्फेट हे यांतले सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. साध्या पाण्यात, २५ अंश तापमानाला, लिटरमागे सुमारे २.४ ग्रॅम प्रमाण झाले की त्याचे मायसेल बनू लागतात. एका मायसेलमध्ये साठेक रेणू असतात आणि त्याचा व्यास चारेक नॅनोमीटर भरतो. मातीच्या कणांशी तुलना केली तर हा आकार नगण्य आहे. तरीही एकट्या फिनॉलच्या रेणूपेक्षा तो कितीतरी मोठा आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या अंगभर ऋणभार आहे. दुसऱ्या शब्दांत, पाण्यात विरघळलेल्या, शरीर नसलेल्या प्रदूषकाला मायसेलमुळे एक शरीर मिळते आणि त्या शरीरावर तुरटीला ओळखता येईल असा विद्युतभारही असतो.

हे लक्षात आल्यावर पुढची पायरी सुचायला हवीच होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी अशा मायसेलच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार मिसळून काय होते याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. अ‍ॅल्युमिनियमचे आयन मायसेलच्या पृष्ठभागाला बिलगतात, त्यांचा भार शमवतात आणि मायसेल एकमेकांना जोडले जाऊन गाळून घेता येतील असे पांढरे पुंजके बनतात. मायसेलच्या पोटात शिरलेले प्रदूषकही अर्थातच त्यांच्याबरोबर बाहेर येते. या पद्धतीची खरी गंमत मात्र दुसऱ्या प्रकारच्या प्रदूषकांत आहे. उसाच्या शेतकऱ्यांना तणनाशक म्हणून परिचित असलेले ‘टू-फोर-डी’ घ्या. ते आम्ल आहे आणि पाण्यात त्याचा ऋणभारित आयन बनतो. ऋणभारित मायसेलने खरे तर त्याला हाकलायला हवे. पण मायसेलच्या अंगावर अ‍ॅल्युमिनियमची झूल चढली की त्या धनभाराला हा आयन जाऊन चिकटतो. आत तेलकट पोट आणि बाहेर धनभारित झूल, असे दोन्ही सापळे एकाच वेळी लावता येतात. पाणी पुरेसे आम्लधर्मी ठेवण्याचे पथ्य मात्र पाळावे लागते, कारण पीएच वर गेला की अ‍ॅल्युमिनियम मायसेलला सोडून हायड्रॉक्साइड बनण्याच्या मार्गाला लागते.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या बाबतीत उलटी युक्ती चालते. हे रंग स्वतःच ऋणभारित असल्याने त्यांच्यासाठी धनभारित सर्फॅक्टंट निवडतात. रंगाचा आयन आणि सर्फॅक्टंटचा आयन यांची जोडी जमली की दोघांचाही भार संपतो आणि पाण्याला नकोसे झालेले हे जोडपे बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते. आता ते कण आहेत. तुरटी, बेंटोनाइट माती किंवा एखादे बहुवारिक वापरून त्यांचे पुंजके बांधणे सोपे होते. येथे मायसेल बनण्याइतक्या सर्फॅक्टंटचीही गरज पडत नाही. किंबहुना जास्त घातला तर काम बिघडते, कारण मायसेल तयार होतात आणि नुकताच वेगळा झालेला रंग आपल्या पोटात घेऊन पुन्हा विरघळवून टाकतात. प्रक्रिया केंद्रांत ‘डोस वाढवून बघा’ हा जो ठरलेला उपाय असतो, तो या पद्धतीत अंगलट येतो.

एवढे सारे चांगले असेल तर ही पद्धत प्रत्येक औद्योगिक वसाहतीत का दिसत नाही? उत्तर आळंदीत मिळते. २०२३ आणि २०२४ मध्ये इंद्रायणीवर पसरलेल्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. त्याआधी २०१५ मध्ये बंगळुरूच्या बेलंदूर तलावावरील फेसाने पेट घेतलेला देशाने पाहिला होता. असा फेस धरण्यात सर्फॅक्टंटचा मोठा वाटा असतो. पिण्याच्या पाण्यात ऋणभारित अपमार्जकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. आता हिशेब करावा. दहा लाख लिटर पाण्यात मायसेल बनवायचे तर साध्या गणिताने सुमारे २,४०० किलो सोडियम डोडेसिल सल्फेट लागेल, तेही रोज. त्यातले ९९ टक्के पुंजक्यांबरोबर बाहेर काढले असे धरले तरी मागे लिटरला सुमारे २४ मिलिग्रॅम उरते, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या १२० पट. अ‍ॅल्युमिनियमच्या सान्निध्यात मायसेल कमी प्रमाणातही बनतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे यापेक्षा बरे येतात; परंतु एक प्रदूषक काढण्यासाठी दुसरे सोडायचे, हा पेच त्याने सुटत नाही. धनभारित सर्फॅक्टंटचा धोका आणखी वेगळा आहे. माउथवॉशमध्ये जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे सेटिलपिरिडिनियम क्लोराइड याच कुळातले. तोंडातले जंतू मारणारे हे द्रव्य पाण्यात उरले, तर पुढच्या टाकीतल्या कष्टाळू जिवाणूंनाही ते मारणारच.

दुसरी अडचण मिठाची. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात मोजून मापून रंग मिसळला जातो. रंगाईच्या खऱ्या पाण्यात मात्र रंग धाग्यावर चढावा म्हणून मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर घातलेले असते. मायसेलच्या पृष्ठभागावरच्या जागेसाठी हे सोडियम अ‍ॅल्युमिनियमशी स्पर्धा करते. त्यात खळ, मेण, निरनिराळी सहायक रसायने यांची भर. खेरीज या पाण्यात आधीच काही सर्फॅक्टंट असतात, धुलाईतून आणि रंग पसरवण्याच्या द्रव्यांतून आलेले, आणि ते तर कण तरंगत ठेवण्याचेच काम करीत असतात. शोधनिबंधातील टक्केवारी आणि कारखान्यातील अनुभव यांत जी तफावत पडते, तिचे मूळ बऱ्याचदा येथे सापडते.

म्हणून संशोधनाचा रोख हळूहळू सर्फॅक्टंट परत मिळवण्याकडे आणि त्याला बांधून ठेवण्याकडे वळला. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात १९८० च्या दशकात मायसेलला पुंजक्यांत न बांधता बारीक छिद्रांच्या पटलातून गाळण्याचा मार्ग शोधला गेला. एकटा फिनॉलचा रेणू त्या छिद्रांतून निसटतो. मायसेलच्या पोटात बसलेला मात्र अडकतो. खरगपूरच्या आयआयटीत २००४ मध्ये हीच पद्धत रंगाच्या पाण्यावर वापरताना गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यातून सर्फॅक्टंट परत मिळवण्याचाही विचार झाला. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या गटाने २००५ मध्ये निराळी वाट धरली. त्यांनी अ‍ॅल्युमिनाच्या कणांवर सर्फॅक्टंटचा दुहेरी थर चढवला आणि त्या थरात क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग पकडला. सर्फॅक्टंट घन कणाला चिकटलेला असल्याने तो पाण्याबरोबर वाहून जाण्याची भीती पुष्कळ कमी होते.

याच तत्त्वावरची सर्वांत व्यवहार्य वस्तू म्हणजे सेंद्रिय लेप दिलेली माती. कच्छमध्ये बेंटोनाइट मातीचे मोठे साठे आहेत. या मातीचे पापुद्रे ऋणभारित असतात आणि त्यांच्यामध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन बसलेले असतात. त्यांच्या जागी धनभारित सर्फॅक्टंटचे आयन बसवले की एरवी पाणीच शोषणारी ही माती तेलाची भोक्ती बनते आणि फिनॉल, बेंझिन, तेलकट द्रव्ये यांना ओढून घेते. सर्फॅक्टंटचा आयन पापुद्र्यांत घट्ट बसतो. शिवाय ही माती जड असल्याने पुंजके चटकन खाली बसतात. रंगाईच्या पाण्यासाठी बाजारात मिळणारी धनभारित बहुवारिके हीदेखील विचाराने याच घराण्यातली. त्यांच्या लांब साखळीवर धनभार कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे मायसेलसारखे सुटे होऊन विखुरण्याचा प्रश्न येत नाही. मायसेलचे पुंजके बांधण्याची मूळ पद्धत प्रयोगशाळेबाहेर फारशी रुळली नाही. तिच्यातली कल्पना मात्र अशी वेष पालटून कामाला लागली आहे.

यातून तंत्राची योग्य जागाही स्पष्ट होते. शहराचे कोट्यवधी लिटर मैलापाणी किंवा शंभर कारखान्यांचे एकत्र झालेले पाणी यांच्यासाठी ते नाही. तेथे प्रदूषक पातळ झालेले असते आणि रसायनांचा खर्च मात्र पाण्याच्या एकूण आकारमानावर ठरतो. थोडेसे, दाट आणि एकाच प्रकारचे प्रदूषक असलेले पाणी जेथे निर्माण होते, म्हणजे कीटकनाशकाच्या कारखान्यातील एखाद्या टाकीपाशी किंवा रंगाच्या पहिल्या धुण्यापाशी, तेथेच ते परवडू शकते. त्यासाठी पहिले धुणे आणि नंतरची धुणी यांचे नळ वेगळे असावे लागतात. लहान प्रक्रिया कारखान्यांत सगळी पाणी एकाच चरात सोडण्याची सोय असते आणि सामायिक केंद्राकडे जाणारी वाहिनीही एकच. रसायनशास्त्राने सुटू शकणारे कोडे असे प्लंबरच्या कामाशी येऊन अडते.

उरतो तो गाळ. या साऱ्या पद्धती प्रदूषक नष्ट करीत नाहीत, पाण्यातून काढून पुंजक्यांत कोंडतात. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या पुंजक्यांवर अल्कलीची क्रिया केली तर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड वेगळे होते आणि सर्फॅक्टंट पुन्हा वापरण्याजोगा मोकळा होऊ शकतो. पण मग पकडलेले प्रदूषकही मोकळे होते, फक्त आता ते थोड्या पाण्यात अधिक दाट असते. ते जाळायचे, ऑक्सिडीकरणाने तोडायचे की गाळाबरोबर पुरायचे, हा निर्णय तेव्हाही घ्यावाच लागतो. औद्योगिक सांडपाण्याच्या प्रक्रियेतून निघणाऱ्या रासायनिक गाळाचा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात समावेश होतो आणि राज्यात तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या केंद्रांकडे पाठवावा लागतो. ओल्या गाळात निम्म्याहून अधिक भार पाण्याचाच असतो, वाहतुकीचे भाडे मात्र वजनावर आकारले जाते. त्यामुळे कारखान्यात या पद्धतीचा विचार होतो तेव्हा रंग किती टक्के गेला, याच्या बरोबरीने विचारला जाणारा प्रश्न असतो तो हजार लिटरमागे गाळ किती किलो पडला हा.